कासरा, मोटर आणि हाताचा जोर

वऱ्हाडातील एखाद्या जुन्या शेतकऱ्याला ‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे काय हे समजावून सांगायचे असेल, तर शंकरपटाचे उदाहरण पुरेसे आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. हलका छकडा, चपळ बैलजोडी आणि त्यावर पाय रोवून उभा राहिलेला धुरकरी. सामान वाहायचे नाही, माणसे न्यायची नाहीत, फक्त वेगाने पळायचे! हीच आपली जुनी स्पोर्ट्स कार.

या गाडीला स्टीअरिंग नसते. असतो तो कासरा. शेताच्या बांधाशी बंडी वळवायची झाली की गाडीवान एका बाजूचा कासरा किंचित ओढतो. त्या बाजूचा बैल थबकतो, दुसरा पुढे सरतो आणि माल भरलेली बंडी वळते. बंडी वळवायला लागलेला जोर गाडीवानाचा होता का? नाही. त्याने फक्त इशारा दिला, जोर बैलांचा होता. थोडक्या बळाचा इशारा आणि त्यावरून दुसऱ्याने लावलेले मोठे बळ, हेच ‘पॉवर स्टीअरिंग’चे तत्त्व आहे.

एक फरक मात्र आहे. बैल अडून बसला तर कासरा कितीही ओढला तरी बंडी वळत नाही, कारण गाडीवानाचा हात चाकापर्यंत पोहोचतच नाही. मोटारीत असे होऊन चालेल का? हा प्रश्न लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी त्याकडेच परत यायचे आहे.

आता समजा, अकोल्यातील एका हौशी गृहस्थाकडे जुनी, बुटकी, दोन आसनांची गाडी आहे. अशा गाड्या आपल्याकडे थोड्याच झाल्या. १९९८ च्या सुमारास गोव्यात तयार होणारी सॅन स्टॉर्म आली. पुढे दिलीप छाब्रिया यांची अवंती २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिसली. आपल्या गृहस्थांच्या गाडीचे टायर रुंद आहेत, स्टीअरिंग लहान आहे आणि त्याला कसलीही मदत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास चालते. पण बाजारात दोन गाड्यांच्या मध्ये ती उभी करायची म्हटले की खांदे भरून येतात. मोडीत निघालेल्या एका छोट्या कारचे विजेवर चालणारे पॉवर स्टीअरिंग त्यांना मिळाले आहे. ते घरीच बसवावे असा त्यांचा विचार आहे. जुन्या गाड्यांवर असे प्रयोग करणारे हौशी लोक जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. हे जमेल का? आणि जमले तरी करावे का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना दहावी-बारावीचे निम्मे पदार्थविज्ञान हाताखालून जाते, म्हणून हा लेख.

उभी गाडी जड का?

एक खोडरबर टेबलावर उभे धरा, वरून दाबा आणि जागच्या जागी पिळून पाहा. रबर अडते. आता ते पुढे ओढता ओढता पिळा. काम बरेच सोपे होते. उभ्या गाडीचे चाक वळवताना पहिली गोष्ट घडते आणि चालत्या गाडीत दुसरी.

उभ्या गाडीच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग आपण सोयीसाठी गोल चकती मानू. चाक जागीच वळवले की ही चकती जमिनीवर घासत फिरते. मध्याजवळचा भाग थोडा घासतो, कडेचा जास्त. दाब सगळीकडे सारखा धरला, तर घर्षणाचा एकूण टॉर्क, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील बल-आघूर्ण, असा निघतो: घर्षणांक × चाकावरील भार × चकतीची त्रिज्या × दोन तृतीयांश. हा ‘दोन तृतीयांश’ कुठून आला, हे बारावीच्या विद्यार्थ्यांनी चकतीची बारीक कडी कापून, त्यांची बेरीज करून स्वतः काढावे.

प्रथम एका छोट्या कारचा अंदाज घेऊ. पुढच्या प्रत्येक चाकावर २२५ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे २,२०० न्यूटन भार; टायर अरुंद, चकतीची त्रिज्या ७ सेंटिमीटर; घर्षणांक ०.७. एका चाकाचा टॉर्क सुमारे ७२ न्यूटन-मीटर, दोन चाकांचा १४४. स्टीअरिंग १८ अंश फिरवले की चाक १ अंश वळते, असे धरू. म्हणजे स्टीअरिंगवर १४४ ÷ १८ = ८ न्यूटन-मीटर लागतील. वाटेतील सांधे आणि दाते यांत पाचवा हिस्सा वाया जातो असे धरले तर १० न्यूटन-मीटर. स्टीअरिंगची त्रिज्या १८ सेंटिमीटर असेल तर हाताचा जोर १० ÷ ०.१८, म्हणजे सुमारे ५६ न्यूटन. साध्या भाषेत, पावणेसहा किलो वजन उचलण्याइतका. १९८३ साली आलेल्या मूळ मारुती ८०० ला पॉवर स्टीअरिंग नव्हते, तरी लोकांनी ती गल्लीबोळांतून चालवली, याचे आश्चर्य आता वाटणार नाही.

आता आपल्या स्पोर्ट्स कारकडे वळू. पुढच्या प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅम भार. टायर रुंद, त्रिज्या ८ सेंटिमीटर. रस्ता घट्ट पकडणारे रबर, घर्षणांक ०.९. दोन चाकांचा टॉर्क सुमारे २८२ न्यूटन-मीटर होतो. तिचे स्टीअरिंग चपळ, म्हणजे १८ ऐवजी १४ अंशांना १ अंश. सांध्यांतील तूट धरून स्टीअरिंगवर सुमारे २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागेल. शिवाय स्टीअरिंग लहान, त्रिज्या १७ सेंटिमीटर. हाताचा जोर जवळजवळ १४८ न्यूटन, म्हणजे १५ किलो! भार फक्त एक तृतीयांशाने वाढला, पण हाताचा जोर अडीचपटींहून अधिक झाला. भार, टायर, रबर, दात्यांचे प्रमाण आणि स्टीअरिंगचा आकार या पाच लहान लहान वाढींचा हा गुणाकार आहे. गुणाकार बेरजेपेक्षा किती बेरकी असतो, हे वर्गात दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

फुकट काहीच मिळत नाही

एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, ‘मग दात्यांचे प्रमाण १४ ऐवजी २८ करा. जोर निम्मा होईल.’ बरोबर आहे. पण चाके एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळायला एकूण ७० अंश फिरतात असे धरा. १४ च्या प्रमाणाला स्टीअरिंगचे पावणेतीन फेरे लागतात, २८ च्या प्रमाणाला साडेपाच. बळ वाचले, पण अंतर वाढले. रहाटाने विहिरीतून पाणी काढणाऱ्याला हा सौदा ठाऊक असतो. तरफ, कप्पी, दातेरी चाक ही साधी यंत्रे बळाची आणि अंतराची अदलाबदल करून देतात. कार्य मात्र तेवढेच राहते.

स्पोर्ट्स कारला हा सौदा परवडत नाही. हात थोडा हलला की गाडी वळली पाहिजे, हा तर तिचा गुण. म्हणून हवे असते दोन्ही: फेरे कमी आणि जोरही कमी. ते साधायचे तर बाहेरून ऊर्जा आणावी लागते.

तेलाकडून विजेकडे

ही ऊर्जा आधी तेलाच्या दाबातून आली. अमेरिकेतील अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२० च्या दशकात पिअर्स-ॲरो गाडीवर तेलाच्या दाबाचे पॉवर स्टीअरिंग चालवून दाखवले. ते विकत मिळणाऱ्या मोटारीत आले १९५१ मध्ये, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत. यात इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरत असतो. तुम्ही वळा अथवा न वळा, पंपाचे फिरणे चालूच. नळ सोडून ठेवावा आणि तहान लागेल तेव्हा ओंजळ धरावी, तसे.

विजेची मोटर मात्र गरजेपुरतीच फिरते. १९८८ मध्ये जपानच्या सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत विजेचे पॉवर स्टीअरिंग दिले. १९९० मध्ये होंडाने एनएसएक्स या स्पोर्ट्स कारच्या ऑटोमॅटिक प्रकारात ते वापरले. आता आपल्याकडच्या बहुतेक नव्या छोट्या कारमध्येही हीच पद्धत आहे. आपल्या अकोल्याच्या गृहस्थांना मिळालेला भाग अशाच एका कारचा आहे. स्टीअरिंगखालच्या दांड्यावर, म्हणजे कॉलमवर, तो बसतो. तेल नाही, नळ्या नाहीत, पट्टा नाही. म्हणूनच घरी बसवण्याचा मोह होतो.

पीळ मोजणारी दांडी

बैलाला कासऱ्याचा ताण जाणवतो. मोटरला हाताचा जोर कसा जाणवणार? युक्ती सुंदर आहे. कॉलमचा दांडा मध्ये तोडून दोन तुकड्यांना एका बारीक पोलादी दांडीने जोडतात. तिला टॉर्शन बार म्हणतात. वरच्या तुकड्याला तुम्ही फिरवता, खालच्याला टायर अडवतात. मध्ये ही दांडी पिळली जाते. पीळ टॉर्कच्या प्रमाणात असतो. हा हूकचाच नियम, फक्त ताणाऐवजी पिळासाठी. दांडी १ अंश पिळायला २ न्यूटन-मीटर लागत असतील, तर तुमच्या ३ न्यूटन-मीटर जोराने ती दीड अंश पिळेल. वरच्या आणि खालच्या तुकड्यांतील हा दीड अंशाचा फरक मोजला की हाताचा जोर कळला.

संवेदक हा फरक विद्युतदाबाच्या रूपात सांगतो. बऱ्याच संवेदकांत एकाऐवजी दोन तारा बातमी आणतात. हात सैल असताना दोन्हींवर २.५ व्होल्ट. उजवीकडे जोर लावला तर एकीवर ३ आणि दुसरीवर २. डावीकडे लावला तर उलट. बेरीज नेहमी ५ राहिली पाहिजे. एक तार तुटली किंवा ओली झाली आणि ३ व २.५ अशी बातमी आली, तर बेरीज साडेपाच होते. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही म्हटल्यावर नियंत्रक कोणावरही विश्वास न ठेवता मदत थांबवतो. खोट्या बातमीवर चालण्यापेक्षा मदत बंद झालेली बरी. यंत्र सुरक्षित करणे म्हणजे ते कधीच बिघडणार नाही असे करणे नव्हे. बिघडले तर ते कोणत्या बाजूला पडेल हे आधी ठरवून ठेवणे होय.

घरगुती प्रयोगातील पहिला धोका इथेच आहे. स्टीअरिंग एका बाजूला ओढते असे दिसले की काही जण संवेदकाच्या एका तारेत फिरते रोध घालून ‘मध्य’ जुळवू पाहतात. ओढणे थांबेलही, पण साक्षीदाराला पढवून ठेवल्यासारखे होते. पुढे खरोखर बिघाड झाला तर तो ओळखणार कोण?

मोटर आणि मळसूत्र

स्टीअरिंगवर लागणाऱ्या २५ न्यूटन-मीटरपैकी ३ हाताने दिले, तर मोटरने २२ द्यायचे. मोटरच्या दांड्यावर मळसूत्रासारखी खाच असलेला वर्म असतो आणि कॉलमवर त्यात अडकणारे दातेरी चाक. प्रमाण १८ ला १ धरा. तूट जमेस धरून मोटरला सुमारे दीड न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. स्टीअरिंग सेकंदाला एक फेरा फिरवायचे तर मोटर मिनिटाला १,०८० फेरे फिरेल. पुन्हा तोच सौदा: मोटरने पुष्कळ फिरायचे, चाकाने थोडे वळायचे.

मोटरने दिलेली शक्ती किती? २२ × ६.२८, म्हणजे सुमारे १३८ वॅट. एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरली तर बॅटरीतून २३० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १९ अँपिअर प्रवाह.

आता एक कसोटीचा प्रश्न. ‘वायपरलाही मोटर असते, तिलाही वर्म असतो. तीच लावली तर?’ वर्म-चाकांचा एक गुण असतो. मळसूत्राचे आटे फार जवळजवळ असले, तर वर्म चाकाला फिरवतो, पण चाक वर्माला फिरवू शकत नाही. साखळीचा जोर ओसरला तरी काही उचलयंत्रांत भार खाली घसरत नाही, तो यामुळेच. वायपरची मोटरही सहसा अशीच असते; पाते हाताने ढकलून ती फिरत नाही. ती स्टीअरिंगवर घट्ट जोडली आणि चालत्या गाडीत तिची वीज गेली, तर स्टीअरिंग कुलूप लावल्यासारखे अडकेल! म्हणून पॉवर स्टीअरिंगच्या वर्माचे आटे मुद्दाम तिरपे, ऐसपैस ठेवतात. वीज गेली तरी हाताने मोटरला उलटे फिरवता आले पाहिजे. स्टीअरिंग जड होईल, पण वळेल. दोन मोटरी बाहेरून सारख्या दिसतात, दोन्ही फिरतात, दोन्ही ‘चालतात’. फरक कळतो तो फक्त वीज गेल्यावर.

तारेचा हिशेब

१९ अँपिअर हा झाला साधा फेरा. चाक फुटपाथच्या कडेला टेकले असताना जोर लावला, तर मोटर फिरत नाही आणि प्रवाह वाढतो, तो ५० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. भिंत ढकलणाऱ्या माणसासारखी तिची गत होते: कार्य शून्य, घाम भरपूर. सगळी ऊर्जा उष्णता होते.

घराच्या वायरिंगमधली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार उरली आहे, ती वापरली तर? बॅटरीपासून ३ मीटर तार लागली असे समजा. तिचा रोध ०.०१७५ × ३ ÷ १.५ = ०.०३५ ओहम. नगण्य वाटतो ना? ५० अँपिअरला त्यात १.७५ व्होल्ट खर्च होतात आणि ८७ वॅट उष्णता तयार होते. चांगल्या सोल्डरिंग लोखंडाहून जास्त, आणि तेही डॅशबोर्डच्या मागे, कापडाजवळ! १० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तीच उष्णता १३ वॅटवर येते. घरात २३० व्होल्टला २३० वॅटचे उपकरण फक्त १ अँपिअर घेते. गाडीत तेवढ्याच शक्तीला १९ लागतात. व्होल्ट कमी म्हणजे धोका कमी, हा समज विद्यार्थ्यांच्या मनातून काढण्यासाठी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. फ्यूज मोटरजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा, हेही यातूनच कळते. फ्यूज तारेचे रक्षण करतो आणि तार बॅटरीपासून सुरू होते.

वेगाची खबर

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एक विक्रम झाला. ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. या गुळगुळीत रस्त्यावर आपल्या गृहस्थांची गाडी आली की काय होईल ते पाहू.

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २.४ मीटर. हात चुकून ५ अंश हलला. १४ च्या प्रमाणाने चाके जेमतेम ०.३६ अंश वळतील. टायरची घसरण सोडून दिली तर गाडी ३८५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ लागेल. वेग ताशी १० किलोमीटर असेल, तर एका सेकंदात ती मूळ रेषेपासून १ सेंटिमीटर सरकेल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. वेग ताशी ९० किलोमीटर असेल तर? वेग ९ पट, पण केंद्राभिमुख त्वरण वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ८१ पट. गाडी एका सेकंदात सुमारे ८० सेंटिमीटर सरकेल. तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलस्वाराची जागा संपते.

म्हणजे बाजारात हवेहवेसे वाटणारे लोण्यासारखे स्टीअरिंग महामार्गावर घातक आहे. शिवाय चाके फिरू लागली की घासणे जवळजवळ संपते. मदतीची गरजच उरत नाही. उलट, वळणावरून आपोआप सरळ होऊ पाहणाऱ्या चाकांचा ताण हाताला कळला पाहिजे. रस्ता काय म्हणतो आहे ते चालकाला त्या ताणातून समजते. शंकरपटातील धुरकऱ्यालाही विचारून पाहा. जोडी चौखूर सुटली असताना कासऱ्याला हिसका देणे म्हणजे छकडा उलथवणे.

कारखान्यातून आलेल्या गाडीत नियंत्रकाला वेगाची खबर सतत मिळते आणि वेग वाढेल तशी तो मदत कमी करतो. मोडीतून काढलेला भाग दुसऱ्या गाडीत बसवला की ही खबर तुटते. काही नियंत्रक अशा वेळी मदत बंद करतात, काही ठरावीक मध्यम मदत देत राहतात. हौशी लोक मग डॅशबोर्डवर एक बटण बसवतात: बाजारात मदत वाढवा, महामार्गावर कमी करा. पण बटण फिरवायचे माणसाने विसरायचे नाही, ही अट त्यात आली. वेगाच्या वर्गाशी गाठ असताना स्मरणशक्तीवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

लोखंडाचे प्रश्न

विजेचे प्रश्न सुटले तरी लोखंडाचे उरतात. नवा भाग जुन्या कॉलममध्ये बसवायचा तर दांडा कापून, जोडून, वेल्डिंग करावे लागते. या एका जोडावर गाडीतील सगळ्यांचे प्राण टांगलेले असतात. वेल्डिंग वरून चकचकीत दिसते. आतपर्यंत धातू वितळून एकजीव झाला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. अनेक गाड्यांचा कॉलम समोरून धडक बसली की दुमडावा किंवा आत सरकावा असा केलेला असतो, नाहीतर तो भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येईल. मध्ये जड मोटर घालून दांडा जाड केला की हे दुमडणे हरवू शकते. कॉलममधल्या दोन युनिव्हर्सल सांध्यांची दिशाही एकमेकांशी जुळलेली लागते. ती चुकली तर स्टीअरिंग एका फेऱ्यात कधी हलके, कधी जड लागते.

कायद्याचेही म्हणणे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनात मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात त्याचा कडक अर्थ लावला आहे. तेव्हा गाडी एमएच-२७ ची असो वा एमएच-३० ची, परिवहन कार्यालयाला विचारल्याशिवाय असा बदल करून ती रस्त्यावर आणू नये. हा निव्वळ कागदी अडथळा नाही. कारखान्यात ज्या जोडाची परीक्षा शेकडो तास यंत्रावर होते, त्याची परीक्षा आपण रस्त्यावर, इतरांच्या अंगावर घेत असतो. आपल्या हौसेची जोखीम आपण पत्करू शकतो. समोरून येणाऱ्या सायकलवरच्या मुलाने ती पत्करलेली नसते.

मग आपल्या गृहस्थांनी काय करावे? तो भाग फेकून देऊ नये. लाकडी चौकटीवर बसवावा, बॅटरी जोडावी आणि जवळच्या शाळेला दाखवावा. हाताने फिरवा, मोटर मदतीला येते. तार काढा, मदत थांबते. तरी दांडा फिरतोच. पंधरा मिनिटांत जेवढे कळेल तेवढे फळ्यावरच्या चार आकृत्यांनी कळणार नाही.

वर्गात करून पाहा

१. *जोर मोजा.* सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या उभ्या गाडीच्या स्टीअरिंगच्या कडेला दोरी बांधून स्पर्शरेषेच्या दिशेने ओढा. फरशी, माती आणि ओली फरशी यांवर वाचने घ्या. टायरमधील हवा थोडी कमी करून पुन्हा घ्या. इंजिन बंद आणि हातब्रेक लावलेला असावा.

२. *पीळ पाहा.* सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा घेऊन दोन्ही टोकांत लाकडी खुंट्या बसवा आणि प्रत्येकीला पुठ्ठ्याचा काटा लावा. एक टोक धरून दुसरे फिरवा. दोन काट्यांमधील कोन कोनमापकाने मोजा. जोर दुप्पट केला तर कोन दुप्पट होतो का? किती जोरापर्यंत?

३. *उलटे फिरते का?* मोडक्या खेळण्यांतील वर्म असलेल्या दोन-तीन चाकांच्या पेट्या जमवा. कोणती उलटी फिरते, कोणती अडते? आट्यांच्या तिरपेपणाशी त्याचा संबंध जुळतो का?

४. *वर्गाचा नियम.* वरील उदाहरणात ताशी ६० किलोमीटर वेग घेतला तर एका सेकंदात गाडी किती सरकेल? आधी अंदाज सांगा, मग गणित करा.

शेवटी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बैल अडला की बंडी अडते. मोटारीच्या पॉवर स्टीअरिंगमध्ये मात्र मोटर, संवेदक, नियंत्रक, बॅटरी सगळे एकाच वेळी बंद पडले, तरी हातापासून चाकापर्यंत लोखंडाचा अखंड दांडा उरतो. आपण पाहिलेली प्रत्येक युक्ती, म्हणजे दोन साक्षीदार, ऐसपैस आटे, जाड तार, वेगाची खबर, ही तो दांडा आणि त्यावरचा माणसाचा हात यांच्या मध्ये काही येऊ नये यासाठी आहे. मोटरला जोर लावायला शिकवणे सोपे आहे. केव्हा लावायचा नाही आणि थांबायचे झाले तर कसे थांबायचे, हे शिकवण्यात खरे अभियांत्रिकी आहे. घरच्या गॅरेजमध्ये पहिले काम एका रविवारी होते. दुसऱ्यासाठी एक रविवार पुरत नाही.